समुद्र खाली पाहिजे

मी नोकरीत काय करायचे असं कुणी विचारलं, की मी सांगते, वेबसाइटवरची चित्रं सरकवायचे, फिरवायचे, लहान-मोठी करायचे. यावर समोरचा माणूस ‘म्हणजे कार्टून का?’ असं तरी विचारतो, नाहीतर ‘लग्नपत्रिकाही करता का?’ असं तरी. पहिल्याला मी नाही म्हणते. दुसऱ्याला मंदीच्या दिवसांत हो म्हटलेलं आहे.

मुळात मी ट्रेसर. रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे, मोऱ्यांचे, साकवांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचे. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास तिथे संगणक आला आणि माझं टेबल गेलं. साहेब सज्जन होते, त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं. त्याच सुमारास संजय नावाच्या ओळखीतल्या एका माणसाने मारुती मंदिराजवळ एका दुकानाच्या माडीवर वेबसाइट बनवायचा धंदा काढला होता. त्याला संगणक कळत होता, पण सरळ रेघ कळत नव्हती. माझं नेमकं उलट होतं. त्यामुळे आमचं जमलं ते मी निवृत्त होईपर्यंत.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगते. पडद्यावरचं चित्र दोन जातींचं असतं. एक फोटोसारखं, ठिपक्यांचं. ते मोठं केलं की ठिपक्यांचे चौकोन दिसायला लागतात आणि आंब्याची फोड चिऱ्यासारखी होते. दुसरं रेषांचं. त्यात खरं तर चित्र नसतंच. इथून तिथवर रेघ ओढ, इथे गोल काढ, आत निळा रंग भर, एवढा मजकूर असतो आणि पलीकडचा संगणक तो वाचून चित्र काढतो. थोडक्यात, पानगी पाठवायची नाही, पानगीची कृती पाठवायची. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, मोडेम किरकिरायचा आणि मध्येच कुणाचा फोन आला की सगळं तुटायचं. मोठा फोटो पडद्यावर पुरा उतरेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. आमची कृती मात्र पटकन पोचायची. अडचण एकच होती. ती वाचायला ब्राउझरला एक वेगळं प्लगइन जोडावं लागे, आणि गिऱ्हाइकाकडे ते कधीच जोडलेलं नसे.

तर काढलेल्या चित्राला हलवायचं, हे माझं काम. रेघा पुन्हा काढायच्या नाहीत. नुसतं सांगायचं, एवढं सरक, एवढं फिर, एवढं मोठं हो, एवढं तिरकं हो. ऐकायला सोपं आहे. पण जातं फिरतं ते मधल्या खुंट्याभोवती आणि दार फिरतं ते बिजागरीभोवती. तुम्ही खुंटा कुठे ते सांगितलं नाहीत, तर संगणक प्रत्येक वस्तू दारासारखी फिरवतो, आणि त्याची बिजागरी कायम पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. त्यामुळे सुरुवातीला मी ज्याला म्हणून फिर म्हटलं, ते पानाबाहेर निघून गेलं. शिवाय हुकुमांचा क्रम सांभाळावा लागतो. चार पावलं चालून मग उजवीकडे वळणारा आणि उजवीकडे वळून मग चार पावलं चालणारा, दोघं वेगळ्या ठिकाणी पोचतात. जयस्तंभाच्या चौकात उभं राहून करून बघा, फक्त रिक्षा सांभाळा.

आमचं पहिलं नावाजलेलं गिऱ्हाईक मिरकरवाडा बंदरातले इब्राहिमभाई. त्यांच्या दोन लाँच होत्या आणि मासळी बाहेर पाठवायचा धंदा होता. मी त्यांच्या पानासाठी उजवीकडे धक्का आणि मध्ये लाँच काढली, पुढच्या बाजूला लाँचचं नाव, अगदी तिच्यावर होतं तसं. इब्राहिमभाईंनी बघितलं आणि मान हलवली.

“बाय, ही तर भायेर चाललीय. येताना दाखव.”

“काय फरक पडतो, इब्राहिमभाई? लाँच तीच आहे.”

“जाताना रिकामी असते. गिऱ्हाइकानं रिकामी लाँच कशाला बगायची?”

हे मला अगदी पटलं. मी संगणकाला लाँच आरशातल्यासारखी उलटी करायला सांगितली, आणि लाँच नाहीशी झाली. आरसा पानाच्या डाव्या काठावर उभा होता. लाँच त्याच्या पलीकडे, म्हणजे पानाच्या बाहेर गेली होती.

“बुडवलीस काय गं?” इब्राहिमभाईंनी विचारलं.

मी ती सरकवून परत पानावर आणली. तोंड आता धक्क्याकडे होतं, पण लाँचबरोबर तिचं नावही उलटं झालं होतं. मग लाँच उलटी ठेवून आतलं नाव तेवढं पुन्हा उलटं केलं, म्हणजे ते सुलटं झालं. इब्राहिमभाई खूश झाले आणि संध्याकाळी ऑफिसात पापलेटं आली. संजय शाकाहारी होता हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

पण मला लिहायचं आहे ते गावाच्या नकाशाबद्दल.

आरे-वारेच्या पलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि बोलत राहावीत अशी माझी इच्छा आहे. त्या गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने गावाची वेबसाइट करायचं ठरवलं. साइटच्या पहिल्या पानावर गावाचा नकाशा. त्यातल्या वाडीवर टिचकी मारली की त्या वाडीचं पान उघडणार, त्यात घरांची नावं, जुने फोटो. मुंबईत वाढलेल्या पोरांना आपलं घर कुठे आहे ते कळावं हा हेतू. काम बघायला दोघं जण यायचे. एक मंडळाचे अध्यक्ष बापू, मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेले. देवळाचा नवा सभामंडप त्यांनी मागे लागून बांधून घेतला होता, आणि त्यांचं घर देवळाला लागूनच होतं. दुसरे कांबळे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बौद्धवाडीचे. दोघं एकाच एसटीने यायचे, एकमेकांची तिकिटं काढायचे आणि येताना-जाताना राजकारणावर भांडायचे.

गाव पश्चिमेकडून पूर्वेकडे लांबोळकं. समुद्र, पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, नारळी-पोफळीच्या बागा, देऊळ, व्हाळ म्हणजे ओढा, तीन-चार वाड्या, भातशेती. मग घाटीची वाट चढून सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्या सड्यावर, गावाच्या पार शेवटी, बौद्धवाडी. मी नकाशा रीतीप्रमाणे काढला. उत्तर वर, त्यामुळे समुद्र डावीकडे, बौद्धवाडी उजवीकडे. आडव्या चौकटीत आडवं गाव छान बसलं. मला स्वतःलाच ते काम आवडलं होतं.

बापूंनी मान वाकडी करून बघितलं. मग खुर्ची वाकडी करून बघितलं.

“समुद्र ह्या बाजूला काय करतोय?”

“बापू, नकाशात उत्तर वर असते.”

“असंल. पण आमच्यात समुद्र खाली असतो. पुळणीवर जायाचा तर आमी खाली जातो, सड्यावर जायाचा तर वर जातो. डावीकडं कोण जातो?”

मी मदतीसाठी गुरुजींकडे बघितलं. भूगोल शिकवलेला माणूस. पण गुरुजी हसत होते.

“बापूंचं बरोबर आहे, बाई. मी तीस वर्षं पोरांना नकाशा शिकवला. गावाचा नकाशा दिला की पोरं कागद आडवा धरायची. मी सरळ करून द्यायचो, ती परत आडवा धरायची. शेवटी मीच नाद सोडला.”

तेव्हा समुद्र खाली न्यायचं ठरलं. नकाशा डाव्या हाताला पाव फेरा फिरवायचा. या वेळी खुंटा मध्यावर घातला होता, त्यामुळे गाव पानातून पळालं नाही. पण गावाबरोबर अक्षरंही आडवी पडली, वाड्यांची नावं आजारी माणसासारखी कुशीवर झोपली. मग प्रत्येक नावाला त्याच्या स्वतःच्या मध्याभोवती उलट पाव फेरा देऊन उभं केलं. ट्रेसिंगच्या दिवसांत साहेब ‘जरा फिरवून दाखव’ म्हणाले की मी कागद फिरवायचे आणि सगळी अक्षरं नव्याने काढायचे, अख्खा दिवस जायचा. हे दुपारच्या जेवणाआधी झालं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या खेपेला दोघं आले तेव्हा मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आधीच सांगून टाकलं, “एक अडचण आहे. गाव आता उभं झालंय आणि चौकट आडवीच आहे. खालून समुद्र, पुळण, देऊळ धरलं तर वरचा भाग चौकटीबाहेर जातो.”

“वरचा म्हणजे कुठला?” बापूंनी विचारलं.

“घाटीच्या वरचा. सडा आणि बौद्धवाडी.”

“मग चौकट उंच करा.”

संजय म्हणाला, तसं केलं तर नकाशाच्या खाली असलेला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचा फोटो पडद्याच्या खाली जाईल आणि पान ओढल्याशिवाय दिसणार नाही. बापूंनी यावर फार विचार केला नाही. फोटो जागचा हलणार नव्हता.

“मग असा करा,” ते म्हणाले. “वरच्या कडेला एक बाण काढा आणि लिवा, बौद्धवाडीकडे. बाणावर टिचकी मारली की वाडीचं पान उघडंल असा करता येईल ना?”

“येईल,” मी म्हटलं. खरंच येत होतं.

“झाला तर मग. पोरं पानावर पोचल्याशी कारण.”

गुरुजी इतका वेळ पडद्याकडे बघत होते. ते बोलले ते हळूच, वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा बेताने.

“पानावर पोचतील, बापू. गावात नाही पोचणार.”

“असा कसा? वाडी काय मी उचलून नेतोय?”

“माझा नातू मुंबईत नायगावला असतो. त्याने अजून गाव पाहिलेलं नाही. तो हे उघडणार. देऊळ दिसेल, तुमचं घर दिसेल, आणि आमच्या जागी बाण. त्याने विचारलं, आजोबा, आपण कुठं राहतो, तर काय सांगू? बाणात?”

मला भयंकर राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बापूंच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. त्यांना ती वाडी नकाशाबाहेर गेलेली खुपलीच नव्हती, एवढंच. आणि मला तेच जास्त लागलं. संजय माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, बाण काढून मोकळ्या व्हा, उगाच गावच्या भानगडीत कशाला?” मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

उपाय होता आणि तो काही अवघड नव्हता. सगळं गाव सारख्या मापाने लहान करायचं. एक हुकूम आणखी द्यायचा, सगळं दोन तृतीयांश हो. मी तो दिला. गाव आकसलं आणि समुद्रापासून सड्यापर्यंत अख्खं चौकटीत आलं. दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या राहिल्या, त्यात पुढे नारळाची झाडं काढली. सगळ्यात वर बौद्धवाडीची घरं ओळीने उभी राहिली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

बापू मात्र पडद्याला नाक लावून बसले होते.

“देऊळ बारीक झाला.”

“सगळंच बारीक झालंय, बापू.”

“सगळा झाला तरी चालंल. देऊळ पयल्यासारखा पायजे. सभामंडपासाठी लोकांनी वर्गण्या दिल्यानी. कळस दिसला नाय तर मुंबईवाले मला सोडायचे नाहीत.”

“फक्त देऊळ मोठं करू?”

“येतो करता?”

“येतं. आतल्या एकेका वस्तूला वेगळा हुकूम देता येतो.”

इथे मला काय होणार ते ठाऊक होतं. ट्रेसरला ते ठाऊक असतंच. इंजिनिअर भिंत जाड करा म्हणतो तेव्हा ती कुणाच्या खोलीत शिरणार ते आधी आमच्या डोळ्यांना दिसतं. पण मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाचा शब्द, असं म्हणून देवळाला पुन्हा मूळ आकारावर आणलं. देऊळ फुगलं, कळस झोकात वर गेला, सभामंडप दोन्ही अंगांनी पसरला. बापू प्रसन्न झाले. पोफळीच्या बागेवरून त्यांचं बोट देवळापाशी आलं, देवळाच्या अलीकडे थांबलं, पलीकडे गेलं, परत आलं.

“माजा घर कुटं गेला?”

“देवळाखाली आहे, बापू,” मी म्हटलं. “बाण काढू का?”

चहा घेऊन आलेला संजय दारातूनच परत फिरला आणि जिन्यात जाऊन खोकला. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांची पाठ हलत होती. मला वाटलं, आता बापू उठतात आणि काम काढून घेतात. मंडळाचं काम गेलं असतं तर संजयने मला ते जन्मभर ऐकवलं असतं. मी तेव्हा घाबरले होते, हेही सांगून टाकते.

बापू उठले नाहीत. ते पडद्यावरच्या त्या मोठ्या देवळाकडे बघत राहिले. मग एकदा वरच्या कडेकडे, सड्यावरच्या घरांकडे बघितलं. मग गुरुजींकडे. कोकणी माणूस चूक कबूल करत नाही, तो विषय बदलतो. बापूंनीही तेच केलं.

“देव काय मोठेपणाचा भुकेला नसतो,” ते म्हणाले. “होता तेवढा करा. आणि चहा कुटं राहिला?”

चहा झाला. जाताना जिन्यात दोघांचं परत राजकारणावरून जुंपलेलं मला ऐकू आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

ती साइट काही वर्षं चालली. मग पैसे भरायचे कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि ती बंद पडली. ते प्लगइनही गेलं. त्यानंतर आम्ही पाठवलेल्या कृती वाचणारं कुणी उरलं नाही. पुढे ब्राउझर स्वतःच त्या वाचू लागले, पण तोवर आमची कितीतरी चित्रं हरवली होती, त्यात इब्राहिमभाईंची लाँचही गेली. मी ती जपून ठेवायला हवी होती असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, रेघच ती, पुन्हा काढू. आता बटण दाबलं की चित्र फिरतं, आणि खुंटा कुठे आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. चांगलंच आहे. मी काही जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांतली नाही.

साइट सुरू झाली त्या आठवड्यात गुरुजी बायकोला घेऊन आमच्या माडीवर आले. त्यांना सगळे आक्का म्हणत. दवाखान्याच्या कामाला शहरात आल्या होत्या. गुरुजी म्हणाले, “बाई, हिला जरा गाव दाखवा.”

आक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता, संगणक तर नाहीच. गुरुजी समजावून सांगायला पुढे सरसावले, पण आक्कांनी त्यांना हातानेच थांबवलं.

“समुद्र कुटं?” त्यांनी मला विचारलं.

“खाली.”

“मग कळतो मला.”

त्यांनी पडद्याच्या काचेवर तळाशी बोट टेकवलं आणि गाव चढायला लागल्या. “ही पुळण. ही पोफळ. हा देऊळ. ह्यो बापूंचा घर. हा व्हाळ.” घाटीच्या वाटेला मी वळणं काढली होती. सरळ वर जाता आलं असतं, पण आक्कांचं बोट प्रत्येक वळणाने फिरत वर गेलं, जन्मभर डोक्यावर भारे घेऊन चढल्या होत्या तसं. सड्यावर पोचल्यावर ते ओळीतल्या घरांवरून सरकलं आणि एका घरावर थांबलं.

“हा आपला.”

“हो,” गुरुजी म्हणाले.

आक्कांनी बोट उचलून खाली काय आहे ते बघितलं. “येवढासा?”

“सगळ्यांचाच तेवढा केलाय बाईंनी.”

आक्कांचा त्यांच्यावर विश्वास नसावा. त्या बोट परत खाली घेऊन गेल्या, घाटी उतरून, व्हाळ ओलांडून, आणि बापूंच्या घरावर ठेवलं. घर बोटाखाली झाकलं गेलं. मग त्याच वाटेने वर येऊन स्वतःच्या घरावर ठेवलं. तेही झाकलं गेलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “सारखाच हाय.”